तीन कोटेशन, तिन्हीत ‘आय५’: धंद्यासाठी लॅपटॉप घेताना किंमत कशी ताडून पाहायची

मागच्या महिन्यात बोईसरहून एका तरुण कंत्राटदाराचा मेसेज आला. “जय भीम सर. तीन कोटेशन पाठवतोय. तिन्हीत आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तरी एक ५३ हजारांना आणि एक जवळजवळ ६५ हजारांना. नक्की कोण फसवतंय?”

हा तरुण तारापूर एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांना कामगार पुरवतो. वीस-बावीस माणसांची हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी, जीएसटीचे रिटर्न, ई-टेंडर असे सगळे त्याच्या एका लॅपटॉपवर चालते. जुना लॅपटॉप बंद पडला होता आणि नव्यासाठी हातात मोजकेच पैसे होते, तेही निम्मे पतपेढीचे. पालघर, बोईसर, सफाळे भागातले आपले अनेक तरुण असे छोटे धंदे उभे करत आहेत, म्हणून त्याला दिलेले उत्तर इथे जरा सविस्तर मांडत आहोत.

पहिली गोष्ट, फसवत कोणीच नव्हते. तिघांनीही खरे सांगितले होते, पण अर्धेच.

‘आय५’ हे आडनाव झाले. पूर्ण नाव त्यापुढच्या आकड्यांत असते. आय५-१२३५यू ही बाराव्या पिढीची चिप आणि आय५-१३३५यू ही तेराव्या पिढीची. दोन्हींत दहा कोअर आहेत आणि एक्सेल, टॅली, पोर्टल एवढ्या कामासाठी फरक जाणवणारही नाही. ‘नवी पिढी’ म्हणून त्यावर चार-पाच हजार जास्त मोजू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट एएमडीमध्ये रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे दुकानाच्या पाटीवर सारखीच वाटतात, पण पहिल्यात जुन्या रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात त्याहून नव्या रचनेचे सहा. एका आकड्याने यंत्र बदलते. म्हणून कोटेशनवर प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल कोड लिहून घ्यावा. एकाच नावाचा लॅपटॉप कंपनी अनेक कोडखाली विकते आणि प्रत्येक कोडमध्ये स्क्रीन, बॅटरी, वॉरंटी वेगळी असू शकते.

रॅम १६ जीबी आहे, पण बोर्डावर कायमची जोडलेली की स्लॉटमध्ये बसवलेली? जोडलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही आणि बिघडली तर अख्खा मदरबोर्ड बदलावा लागतो. यूएसबीचे जुने, चपटे पोर्ट किती आहेत तेही बघा. टेंडर भरायला लागणारा डिजिटल सहीचा टोकन त्यातच बसतो. काही पातळ लॅपटॉपना फक्त टाइप-सी पोर्ट असतात, मग वेगळा हब घ्या.

दुसरा फरक मालिकेचा. लेनोवोची थिंकपॅड ही कार्यालयीन मालिका आणि आयडियापॅड ही घरगुती. एचपीची प्रोबुक आणि पॅव्हेलियन यांच्यातही तेच अंतर. डेलची लॅटिट्यूड ही कार्यालयीन मालिका होती. २०२५ पासून तिच्या जागी ‘डेल प्रो’ आली, त्यामुळे सध्या बाजारात दोन्ही नावे दिसतात. कार्यालयीन यंत्र उघडायला, दुरुस्त करायला सोपे जाते आणि त्यावर दीर्घ वॉरंटी सहज मिळते. जास्तीचा पैसा मुख्यतः त्याचा असतो.

आता बिलाकडे येऊ. खरी गंमत इथेच आहे. त्या तरुणाचे पहिले कोटेशन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाचे होते, ५३,००० रुपये, पण कच्च्या बिलावर. दुसरे ऑनलाइन, ५६,०५० रुपये, जीएसटी बिलासह. तिसरे बोईसरमधल्याच विक्रेत्याचे, ६४,९०० रुपये, तेही जीएसटी धरून.

लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. खरेदीदाराचा धंदा नियमित जीएसटीखाली नोंदलेला असेल, लॅपटॉप धंद्यासाठीच असेल आणि बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक असेल, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून वळता करता येतो. म्हणजे ऑनलाइनवाल्याची खरी किंमत ४७,५०० रुपये झाली आणि बोईसरवाल्याची ५५,०००. लॅमिंग्टन रोडची ५३,००० ती ५३,०००च राहिली, कारण कच्च्या बिलावर क्रेडिट मिळत नाही. सगळ्यात स्वस्त दिसणारे यंत्र दुसऱ्यापेक्षा साडेपाच हजारांनी महाग निघाले! कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र हे क्रेडिट नाही, त्यांनी पूर्ण रक्कमच धरून तुलना करावी. आणखी एक, जीएसटीचे क्रेडिट घेतले तर आयकरात घसारा कर वगळून उरलेल्या किमतीवरच लावता येतो. हे आपल्या अकाउंटंटला आठवणीने सांगा.

‘नो कॉस्ट ईएमआय’च्या मोहाबद्दलही सांगायला हवे. त्यात व्याजाएवढी सूट आधी दिली जाते, पण बँक त्या व्याजावर जीएसटी लावते आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही घेते. हप्त्यांची बेरीज करून मगच आकडा तुलनेत धरा.

उरले ऑनलाइन आणि बोईसर. फरक ७,५०० रुपयांचा. ऑनलाइन यंत्राला एक वर्षाची वॉरंटी होती, आणि यंत्र स्वतः सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचे होते. बोईसरच्या यंत्राला तीन वर्षांची ऑनसाइट, म्हणजे तंत्रज्ञ आपल्या जागेवर येणार.

या बाबतीत आम्ही स्वतः पोळलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमचा एक लॅपटॉप महिन्याच्या १३ तारखेला बंद पडला. वॉरंटी होती, पण सेंटर मुंबईत. बोईसरहून मुंबई साधारण शंभर किलोमीटर, म्हणजे लोकलने एक दिवस द्यायला, एक दिवस आणायला, आणि मध्ये आठवडाभर वाट. पीएफ आणि ईएसआयसीचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावा लागतो आणि उशीर झाला की व्याज व दंड. कामगार पुरवणाऱ्याचे चलन वेळेवर गेले नाही तर कारखाना त्याचे बिल अडवतो. बिल अडले की पगार अडतो, आणि मग वीस घरांना झळ बसते. शिवाय इथली समुद्राची खारी, दमट हवा आणि कारखान्यांचा परिसर इलेक्ट्रॉनिक वस्तूंना फारसा मानवत नाही.

म्हणून ‘ऑनसाइट’ शब्दावर विसंबू नका. आपला पिनकोड सांगून कंपनीच्या ग्राहक सेवेला थेट विचारा की तंत्रज्ञ बोईसरला येतो का, किती दिवसांत येतो. तीन वर्षांच्या वॉरंटीत बॅटरी बहुधा एकच वर्ष धरलेली असते, तेही विचारून घ्या.

त्या तरुणाला आम्ही बोईसरच्या विक्रेत्याकडे परत पाठवले, पण एक प्रश्न देऊन. त्या यंत्रात विंडोज ११ प्रो होते. दोन माणसांच्या ऑफिसला प्रोची गरज नसते, होम पुरते. त्याच मॉडेलचा होम असलेला कोड मागवून विक्रेत्याने ६१,३६० रुपये सांगितले. कर वजा जाता ५२,०००. ऑनलाइनशी फरक उरला ४,५०० रुपये, तीन वर्षांत महिन्याला सव्वाशे.

ज्यांच्याकडे एवढेही पैसे नाहीत ते कंपन्यांनी काढून टाकलेले जुने थिंकपॅड, लॅटिट्यूड घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच चिप घ्या. सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बँकेचे आणि कामगारांच्या आधारचे तपशील अशा यंत्रावर ठेवणे धोक्याचे आहे.

यंत्र हातात आल्यावर पैसे देण्याआधी खालचा सिरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. वॉरंटी किती, कोणती आणि कधीपर्यंत हे तिथे दिसते. आमच्या मित्राच्या बाबतीत ती तीन महिने आधीच सुरू झालेली निघाली, कारण माल वितरकाकडे पडून होता. विक्रेत्याने बिल कंपनीला पाठवून तारीख दुरुस्त करून घेतली आणि मगच यूपीआयने पैसे गेले.