इमॅजिका की वंडरला? तिकीट काढण्याआधी मुलांची उंची मोजा

सुट्टीत मुलांना थीम पार्कला न्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो तिकीट कितीला. माझं म्हणणं, आधी टेप काढा आणि मुलांना भिंतीला उभं करा.

हे अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या पार्कला गेलो होतो. तिकीट, रात्रीची बस, जेवण, सगळा हिशेब वहीत लिहून नेला होता. कॉमर्सवाल्याची सवय. मुलगी महिनाभर ज्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघत होती, त्याच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो. पुढे आल्यावर तिथल्या माणसाने तिला पट्टीजवळ उभं केलं. दोन सेंटिमीटर कमी. त्याचं चुकलं नाही, नियम म्हणजे नियम. चूक माझी, कारण ही पट्टी पार्कच्या वेबसाइटवर आधीच दिलेली होती आणि मी ती वाचली नव्हती. त्यात आदली रात्र बसमध्ये गेलेली, म्हणून तीन वाजता दोन्ही मुलं बाकावर झोपली. तिकिटाचे पैसे पूर्ण, दिवस अर्धा.

बेळगावकरांना या बाबतीत दोन पर्याय आहेत आणि दोन्ही एकाच रस्त्याने गाठता येतात. आपल्या गावाला लागून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे जुना एनएच ४. उत्तरेला गेलात तर पुण्याच्या पुढे घाट उतरून खोपोलीजवळ इमॅजिका, साधारण सव्वाचारशे किलोमीटर. दक्षिणेला गेलात तर पाचशे किलोमीटरवर बंगळूर आणि तिथून मैसूर रोडला पाऊण-एक तासावर बिडदीचं वंडरला. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, बिडदीचं वंडरला २००५ साली. दोन्ही ठिकाणी पार्कला लागून हॉटेल आहे, त्यामुळे राहून पार्क करता येतं. आमच्या पिढीला मुंबईचं एस्सेलवर्ल्ड तेवढं माहीत होतं, तेही टीव्हीवरच्या जाहिरातीतून. आता मुलांना दोन्हीकडच्या राइडची नावं तोंडपाठ असतात.

दोन्हींत मोठा फरक तिकिटाचा आहे आणि तो बऱ्याच जणांना गेटवर कळतो. वंडरलात एकाच तिकिटात कोरड्या राइड आणि पाण्यातल्या राइड दोन्ही येतात. इमॅजिकात थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, तिकीटही वेगळं. म्हणजे वंडरला एका दिवसात दोन्ही चव देतं, पण धावपळ होते. इमॅजिकाची दोन्ही पार्क करायची तर दोन दिवस धरावेत आणि मुक्काम हिशेबात घ्यावा. घरात पाण्याचीच आवड असलेली लहान मुलं असतील तर फक्त वॉटर पार्कचं तिकीट काढलं तरी चालतं, ही सोय खोपोलीला आहे. उलट आजी-आजोबा बरोबर असतील तर इमॅजिकाचं थीम पार्क त्यांना जास्त मानवेल असं मला वाटतं. तिथे छताखाली, एसीत बसून बघण्यासारखं बरंच आहे. ‘आय फॉर इंडिया’मध्ये मोठ्या पडद्यासमोर बसून देश आकाशातून बघितल्यासारखा दिसतो. वंडरलात पाणी आणि अंगावर येणाऱ्या राइड हेच मुख्य आकर्षण, मोठ्या वयाच्या माणसांनी झाडाखाली बसून राहायचं.

आता उंची. लहान मुलांचं तिकीट अशा पार्कमध्ये वयावर नसतं, उंचीवर असतं. वंडरलात ८५ सेंटिमीटरपर्यंत मोफत, ८५ ते १४० मुलांचं तिकीट, त्यापुढे मोठ्यांचं. त्यामुळे सहावीतला उंच मुलगा पूर्ण तिकिटात जातो आणि आधार कार्ड दाखवून उपयोग होत नाही. तिकिटापेक्षा महत्त्वाची असते ती प्रत्येक राइडची स्वतंत्र अट. मोठ्या रोलर कोस्टरला किमान उंची असते, कारण खांद्यावरून येणारा पट्टा लहान अंगाला नीट बसत नाही. काही राइडना मोठ्या माणसासोबत बसण्याची अट असते आणि छोट्यांच्या काही राइडना कमाल उंचीसुद्धा. बूट काढून उंची मोजा, राइडच्या यादीसमोर ठेवा आणि कुणाला कुठे बसता येतं ते मुलांसमोरच लिहा. रडायचं ते घरी रडून होतं. घरात एक मूल सव्वामीटरच्या आसपासचं आणि दुसरं तीन वर्षांचं असेल, तर एक वर्ष थांबणं हाही हिशेब आहे, कारण दोघांपैकी कुणालाच धड काही मिळत नाही आणि एक मोठा माणूस दिवसभर धाकट्याला घेऊन बाहेर बसतो.

रक्तदाब, हृदयविकार, पाठीच्या मणक्याचा त्रास, गरोदरपण यांत जोराच्या राइड वर्ज्य. ‘एकदा बसून बघतो’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना गाडीतच समजावून ठेवा.

पैशांचा हिशेब मी तासांत मांडतो. पार्क साधारण अकराच्या सुमारास उघडतं आणि संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत राइड चालतात. जेवण, कपडे बदलणं, लॉकर यांत दीड-दोन तास गेले की हातात साडेपाच तास उरतात, म्हणजे ३३० मिनिटं. गर्दीच्या दिवशी एका राइडला रांगेसकट ५० मिनिटं लागली तर सहा राइड होतात. मधल्या वारी २० मिनिटं लागली तर सोळा. समजा तिकीट १,५०० रुपये आहे. गर्दीत एक राइड २५० रुपयांना पडली, मधल्या वारी ९४ रुपयांना. वर शनिवार-रविवारचं तिकीट सहसा महागच असतं. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी राइड. रांग टाळणारं महागडं तिकीट दोन्हीकडे मिळतं. ते गर्दीच्या दिवशीच परवडतं, मंगळवारी घेतलंत तर पैसे वाया.

मग मधला वार कोणता निवडायचा? इथे सीमाभागात राहण्याचा खरा फायदा आहे. कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते. त्या वेळी महाराष्ट्रात बहुतेक शाळांच्या परीक्षा चालू असतात, तिथली सुट्टी मे महिना धरून जूनच्या मध्यापर्यंत चालते. ऑक्टोबरात आपल्याकडे दसऱ्याची मोठी सुट्टी, महाराष्ट्रात दिवाळीची. हे लक्षात घेतलं तर उत्तर सोपं आहे. एप्रिलच्या मध्यावर किंवा दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावच्या मुलांनी खोपोलीला जावं, मंगळवार ते गुरुवार. त्याच दिवसांत बंगळूरची सगळी मुलं बिडदीला असतात. चंदगड, गडहिंग्लजकडच्या मंडळींनी उलटं करावं. त्यांच्या दिवाळीच्या सुट्टीत लक्ष्मीपूजन-पाडव्याचे दिवस सोडले की कर्नाटकातल्या शाळा भरलेल्या असतात, तेव्हा बिडदी बरं. गंमत अशी की एकाच घरात एक चुलतभाऊ कर्नाटकच्या शाळेत आणि एक महाराष्ट्राच्या, अशी कुटुंबं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना दोन्ही कॅलेंडरं समोर घेऊनच बसावं लागतं.

पावसाळ्यात पार्क रिकामी असतात, तिकीटही उतरतं. पण खोपोलीचा पाऊस हा घाटाखालचा पाऊस आहे. वीज चमकली किंवा सर जोराची आली की उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात. जुलैत जायचंच तर छताखालच्या गोष्टी आणि वॉटर पार्क यांच्याच भरवशावर जावं. मे महिन्यात रायगडची दमट हवा बेळगावच्या माणसाला झेपत नाही, हेही सांगून ठेवतो. बिडदीची हवा त्या मानाने बरी.

जायचं कसं? बंगळूरची बाजू रेल्वेने सोपी. राणी चन्नम्मा किंवा रात्रीची बेळगाव-बंगळूर सुपरफास्ट धरली की सकाळी बंगळूर. स्टेशनच्या दारातून मेट्रोची जांभळी लाइन थेट मैसूर रोडवर चल्लघट्टापर्यंत नेते, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे. ती पहाटे निघून दुपारी पोचते, म्हणजे त्या दिवशी पार्क होणार नाही. पण लहान मुलं असतील तर मी हीच गाडी सुचवेन. दुपारी पोचा, बिडदीला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथली प्रसिद्ध तट्टे इडली खाऊन ताज्या अंगाने पार्कमध्ये शिरा. रात्रभर गाडीत बसून थेट गेटवर उभं राहण्याचा प्रकार कॉलेजच्या पोरांसाठी ठीक आहे.

खोपोलीला गाडीने जाणं बरं. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर एवढे टोल पुण्यापर्यंत, पुढे एक्स्प्रेसवेचा वेगळा. फास्टॅगमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आणि खोपोलीजवळच महडचा वरदविनायक, अष्टविनायकांतले दोन गणपती. आजी-आजोबांना पार्कचं तिकीट काढून दिवसभर बाकावर बसवण्यापेक्षा त्यांना ड्रायव्हरसोबत दर्शनाला पाठवावं. तिकिटाचे पैसे वाचतात आणि संध्याकाळी दोन्ही पार्ट्या खुशीत भेटतात. रेल्वेने जायचं तर हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस आहे, सकाळी बसलं की दुपारी पुणे.

गोव्याच्या वाचकांनी पुण्याच्या वाटेला जाऊच नये. मुंबई-गोवा महामार्गाने वाकण फाट्याला वळलं की पाली आणि पुढे पार्क, किंवा कोकण रेल्वेने पनवेल. हैदराबादकरांना रावीर्याळला २०१६ पासून स्वतःचं वंडरला आहेच. बडोद्याची मंडळी आपल्याच ४८ नंबरच्या रस्त्यावर आहेत, फक्त दुसऱ्या टोकाला.

बुकिंग करताना दोन आकडे बघा. तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे (जानेवारी २०१८ च्या आधी तो २८ होता), तर जाहिरातीतला दर करासह आहे की करावेगळा, हे शेवटच्या पानावर कळतं. खोलीचं गणित आणखी मजेशीर. सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के कर आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकासाठी हजारावर रुपये जातात. हॉटेल आणि पार्कचं एकत्र पॅकेज घेत असाल तर खोलीचा दर वेगळा विचारून घ्या, आणि तारीख बदलता येते का तेही. मुलं ऐन वेळी आजारी पडतात.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. चपात्या, चिवडा, लाडू बॅगेतून काढून ठेवावे लागतात, तेव्हा नाश्ता भरपेट करून जा. बाळाचं खाणं आणि औषधं चालतात. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवलेली बरी.

शेवटी कपडे, कारण सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. पाण्यात साडी, सलवार-कमीज, जीन्स, सुती कपडे चालत नाहीत. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि ओढणी-पदर घसरगुंडीत अडकला तर जिवावर बेतू शकतं. पूर्ण हातापायांचे नायलॉनचे पोहण्याचे कपडे मिळतात, आपल्याकडे बाजारातही मिळतात. आई-काकूंसाठी ते आधीच आणून घरी घालून बघायला लावा. गेटवरच्या दुकानात मापाचं मिळेलच असं नाही, महाग पडतं ते वेगळंच, आणि मग ‘मी बाहेरच बसते, तुम्ही जा’ असं म्हणून त्या दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात. ओल्या कपड्यांना दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि परतीच्या प्रवासाला प्रत्येकाचा एक कोरडा जोड गाडीत वरच ठेवा.