चाकांवरचे घर

(बुलढाण्याहून निघून कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या एका फिरत्या घराची माहिती या पाठात दिली आहे. घर फिरते असले, तरी त्यात राहण्याचे नियम मात्र पक्के असतात. ते कोणते, ते वाचा.)

मित्रांनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. समुद्र पाहायचा तर पश्चिमेकडे रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. तरीही समुद्राकाठचे कितीतरी शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. किनारा, बंदर, दर्या, जहाज हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथेच रुळले. मुरूडजवळ समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्याला जंजिरा म्हणतात. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. त्यावरूनच हे नाव पडले. सफर, मुक्काम, मुसाफिर, सामान हे प्रवासातले शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराई नावाचे गाव आहे. सराई म्हणजे मुसाफिरांनी उतरण्याची जागा.

पूर्वी मुसाफिर सराईत उतरत. आता काही मुसाफिर आपली सराई बरोबर घेऊनच निघतात! झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेल्या अशा मोटारगाडीला कॅम्परव्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात. आपण तिला 'चाकांवरचे घर' म्हणू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे अधिक ऐकू येऊ लागला.

गाडी नवी असली, तरी कल्पना जुनी आहे. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलुखभर फिरत. 'लमाण' हा शब्द 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून आला, असे मानतात. दूरच्या यात्रेला बैलगाडीने निघणारी कुटुंबेही गाडीवर ताडपत्री ताणत, आत शिधा ठेवत आणि पाण्याची घागर सांभाळत. मुक्कामाला गाडी सोडली की तेच त्यांचे घर होई.

समजा, तुमच्या शेजारी राहणारे काका आणि काकू अशा गाडीतून कोकणात निघाले आहेत. त्यांच्या घरात काय काय आहे, ते पाहू.

बसण्याच्या बाकाखाली सामान ठेवायला पेट्या आहेत. रात्री तोच बाक उघडला की पलंग होतो. एका कोपऱ्यात शेगडी व छोटे सिलिंडर आहे. टपावर सौरपट्टी बसवली आहे. दिवसा तिच्यावर ऊन पडले की बॅटरी भरते; रात्री त्या विजेवर दिवा व पंखा चालतो. गाडी सुरू करण्याची बॅटरी मात्र वेगळी असते. एकच बॅटरी असती, तर रात्रभर पंखा लावल्यावर सकाळी गाडी सुरूच झाली नसती. साध्या गाडीत असे बदल मनाला येतील तसे करता येत नाहीत. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

या घरात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते. शेगडी पेटवली की खिडकी उघडलीच पाहिजे. बंद जागेत इंधन अर्धवट जळाले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. झोपेत माणसाला तो कळतच नाही आणि जिवावर बेतते. म्हणून थंडी कितीही असली, तरी शेगडी पेटती ठेवून झोपू नये. हा नियम आपल्या घरातल्या कोळशाच्या शेगडीलाही लागू आहे.

आता पाण्याचा हिशेब पाहा. गाडीतील टाकीत १०० लिटर पाणी मावते. काका व काकू यांनी प्रत्येकी रोज १५ लिटर पाणी वापरले, तर दोघांना दिवसाला ३० लिटर लागेल. म्हणजे टाकी तीन दिवस पुरेल आणि १० लिटर पाणी उरेल. पण दोघांनी रोज फक्त एकेक बादली अंघोळीसाठी जास्त घेतली आणि बादली २० लिटरची असली, तर तेच पाणी दीड दिवसही पुरणार नाही. मोठी टाकी का बसवत नाहीत, असे तुम्ही विचाराल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. १०० लिटर म्हणजे १०० किलोंचे ओझे! ते घाटातून ओढायचे, तर इंधन अधिक जळते.

समोर एवढा समुद्र असताना पाण्याची चिंता कशाला? समुद्राचे पाणी खारट असते. ते पिता येत नाही. आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असते, पण ते पिण्याजोगे नसते. लोणारच्या सरोवरात पाणी भरलेले दिसते. तेही खारे व क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील बाई एका हंड्यात किती कामे उरकते, ते तुम्ही पाहिले असेल. चाकांवरच्या घरात राहायचे, तर आधी तिच्याकडून शिकावे.

काका-काकूंची गाडी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गाला लागते. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरांचा हा महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून गाडी सह्याद्री ओलांडते. पुढे पनवेलवरून अलिबाग येते आणि समुद्र दिसू लागतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर सांगितली जाते. त्याची वळणे अधिक बारकाईने मोजली, तर ती याहून जास्त भरते. हा किनारा सरळ नाही. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या जेथे समुद्राला मिळतात, तेथे भरतीचे पाणी आत शिरते व खाड्या तयार होतात. म्हणून किनाऱ्याचा रस्ता जागोजागी तुटतो. अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवतात. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे आणि शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड अशा या फेऱ्या आहेत. घर चाकांवर, आणि चाके पाण्यावर! पावसाळ्यात मात्र खवळलेला समुद्र आणि घाटांत कोसळणाऱ्या दरडी यांमुळे हा प्रवास टाळावा.

मुक्काम कोठे करायचा, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे. ओहोटीच्या वेळी वाळू टणक व सपाट दिसते. गाडी तेथे न्यावी, असा मोह होतो. पण ओल्या वाळूत चाके रुततात. जोर लावावा तितकी ती खोल जातात आणि तोवर भरती येते. एका भरतीनंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी भरती येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास ती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. ईदचा चांद दिसतो, तेव्हा अमावास्या नुकतीच झालेली असते. म्हणजे ते उधाणाचेच दिवस! कोळी बांधव चंद्र पाहून भरतीचा अंदाज बांधतात. पाहुण्याने त्यांना विचारल्याशिवाय वाळूत पाऊल टाकू नये, मग चाक तर दूरच.

वाळूवर गाडी न नेण्याचे आणखी एक कारण आहे. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस वेळास हे गाव आहे. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या तेथे वाळूत अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ही घरटी राखली. इवलीशी पिले वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो. गाडीचे दिवे लागले, तर पिले उलट्या दिशेला जातात आणि मरतात. त्यांच्या जिवासाठी आपण एक दिवा विझवला, तर आपले काय बिघडते?

म्हणून काका-काकू गाडी गावातच, परवानगी घेऊन उभी करतात. सांडपाणी वेगळ्या टाकीत साठवतात. ते खाडीत किंवा वाळूवर सोडत नाहीत. कचरा पिशवीत बांधून बरोबर नेतात. गाडीतील घर छोटे असते, पण त्याचे अंगण फार मोठे असते. ते अंगण इतरांचेही आहे, हे जो मुसाफिर विसरत नाही, त्याचे स्वागत प्रत्येक गाव पुन्हा करते.

शब्दार्थ
शिधा : स्वयंपाकासाठी लागणारे धान्य व इतर सामान
कटाक्षाने : न चुकता
खारपाणपट्टा : जेथे जमिनीखालचे पाणी खारट असते असा प्रदेश
ओहोटी : समुद्राचे पाणी मागे हटणे
उधाण : मोठी भरती

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडीत दोन बॅटऱ्या का असतात?
(आ) किनाऱ्याचा रस्ता जागोजागी का तुटतो?
२. कारणे लिहा.
(अ) शेगडी पेटवल्यावर खिडकी उघडावी लागते.
(आ) रात्री किनाऱ्यावर गाडीचे दिवे लावू नयेत.
३. तुमच्या घरी एका दिवसात किती हंडे पाणी लागते, ते मोजा. १०० लिटर पाणी तुमच्या कुटुंबाला किती दिवस पुरेल?
४. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे सहा शब्द पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.