परका जावई आणि मामाल आहार : कार्ल्याच्या अभिलेखांतील उषवदात

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांतील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दोन ब्राह्मी लेख आहेत. दोहोंत एकाच गावाचे दान नोंदलेले आहे. पहिल्यात करजिक हे गाव वलूरकाच्या म्हणजे आजच्या कार्ल्याच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी चातुर्दिश संघाला दिले आहे. दुसरा लेख म्हणजे मामाल येथील अमात्याला दिलेली राजाज्ञा होय. हे मामाल म्हणजेच आपले मावळ. त्यातही तेच गाव पुन्हा भिक्खूंना दिले आहे. दिलेले गाव दुसऱ्यांदा का द्यावे लागले, हे समजण्यासाठी पहिल्या दात्याची हकीकत पाहिली पाहिजे.

तो दाता उषवदात. पित्याचे नाव दिनिक. नाशिकच्या एका खंडित लेखात त्याला स्पष्टपणे शक म्हटले आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाची कन्या दक्षमित्रा ही त्याची पत्नी. दरबारात तो शिरला तो जावई म्हणून, आणि जावयाची प्रतिष्ठा सासऱ्याच्या मर्जीइतकीच टिकते. म्हणूनच की काय, आपली योग्यता तो पुनःपुन्हा दगडावर कोरून ठेवतो. स्वामींच्या आज्ञेने आपण ऐन पावसाळ्यात उत्तमभद्रांच्या सुटकेसाठी गेलो आणि आपल्या नुसत्या गर्जनेने मालय पळाले, असे तो सांगतो. वाचकाने यातील अतिशयोक्ती वजा करावी. परक्या माणसाची धडपड तेवढी शिल्लक राहते.

त्याच्या दानांची यादीही याच दृष्टीने वाचावी. तीन लक्ष गाई, देव-ब्राह्मणांना सोळा गावे, प्रभास तीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या, आणि याच यादीच्या शेवटी वलूरकाच्या भिक्खूंना गाव. स्त्रियांना दानवस्तू मानणाऱ्या या ओळी चैत्याच्या दारी कोरलेल्या आहेत, हे आपण झाकून ठेवण्याचे कारण नाही. उषवदात ‘बौद्ध राजपुरुष’ होता असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचलेला नसतो. ज्याला या भूमीत मूळ नव्हते, त्याने मान्यता मिळेल तेथे दान दिले, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

मात्र त्याची व्यवहारबुद्धी असामान्य होती. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यासाठी त्याने 3,000 कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायम ठेव म्हणून गुंतविले : 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. व्यवहार निगमसभेत नोंदविला गेला. क्षत्रप गेला तरी श्रेणी राहील, असा विचार यामागे असावा, असे मला वाटते.

आणि क्षत्रप गेलाच. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या 13,000 हून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. गौतमीपुत्राच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा, नाशिक येथील लेख त्याला क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद करणारा आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणून गौरवितो. त्याच लेखात भदायनीय भिक्खूंना लेणे दिल्याची नोंद आहे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. उषवदाताचे पुढे काय झाले, हे कोणताही लेख सांगत नाही. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाच्या आज्ञेत तो केवळ ‘ज्याच्याकडे आजवर हे शेत होते तो’ एवढाच उरतो.

राजसत्तेच्या सान्निध्यातील हा धोका विनयाला आधीच ठाऊक होता. कोसलराज पसेनदीच्या अंतःपुरात राणी मल्लिकेला धम्म शिकविण्यास भदंत आनंद जात. एकदा ते न कळविता आत गेल्याने अवघड प्रसंग ओढवला, आणि पाचित्तिय नियम घालताना तथागतांनी राजान्तःपुरात शिरण्याचे दहा धोके सांगितले. रत्न हरवले, गुपित फुटले, सैन्य अवेळी धाडले, की संशय भिक्खूवर येतो. राजाने खालच्या पदावरील माणसाला वर चढविले तरी ज्यांना ते रुचत नाही ते भिक्खूलाच दोष देतात.

वलूरकाच्या संघापुढे प्रश्न अंतःपुराचा नव्हता, पोटाचा होता. दात्याचे राज्य बुडाले की त्याने दिलेले गाव कोणाचे? दुसऱ्या लेखातील आज्ञा याचेच उत्तर देते. त्यातील राजाचे नाव झिजले आहे. बहुतेक अभ्यासक तो गौतमीपुत्रच मानतात. गाव भिक्खूंकडे राहते, राजपुरुषांनी त्यात शिरू नये, हात लावू नये, असे संरक्षणही मिळते. मात्र आता नाव महासांघिकांचे येते. नाशिकच्या भिक्खूंचा अनुभव अधिक कडू होता. त्यांना दिलेल्या कखडी गावी वस्तीच नव्हती, शेत कसले जात नव्हते. चोविसाव्या वर्षी राजाला नगरसीमेवरील आपल्या शेतातून 100 निवर्तने जमीन बदली द्यावी लागली.

कार्ल्याचा संघ केवळ दरबाराच्या दानावर उभा नव्हता, हे त्याच दर्शनी भागावरून आणि खांबांवरून दिसते. तेथे धेनुकाकटचा गंधविक्रेता सिंहदत्त आहे, सुतार आहे, यवन आहेत, सोपाऱ्याचा धम्मभाणक सातिमित्र आहे. क्षहरातांचा पाडाव झाल्यावर, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चोविसाव्या वर्षी, महासांघिकांना नऊ खोल्यांचा मंडप दिला तो सेतफरणाचा पुत्र हरफरण या उपासकाने. त्याचेही नाव परदेशीच आहे. पण तो कोणाचा जावई होता, हे त्याने कोरलेले नाही.