जागं ठेवणारी गोळी

जानेवारी 2023 मध्ये गोव्यात मोपाला विमानं उतरू लागली आणि आमच्या सर्वण गावची पोरंही तिकडे रात्रपाळीला जाऊ लागली. त्यातल्या एकाच्या खिशात परवा जागं ठेवणाऱ्या मोडाफिनिलची पट्टी दिसली. चिठ्ठी नाही, तपासणी नाही; मित्राने दिली, याने घेतली. फार जिव्हारी लागलं.

हे औषध आजाऱ्यांसाठी निघालं. फ्रान्समध्ये झोपेचे अभ्यासक मिशेल जूव्हे यांनी ते नार्कोलेप्सीच्या रुग्णांना देऊन पाहिलं. बोलता-बोलता, जेवता-जेवता झोप झडप घालते, असा तो आजार. 1998 ला अमेरिकेने मान्यता दिली. 2004 मध्ये तिथे रात्रपाळीने येणाऱ्या झोपेसाठी आणि स्लीप ॲप्नियासाठीही परवानगी मिळाली.

त्याच सुमारास इकडे आमच्या डिचोलीत खाणींना ऊत आला. चीनला खनिज जाऊ लागलं, खाणीपासून जेटीपर्यंत ट्रकांची रांग तुटेना. पैसे ट्रिपेमागे, मग झोपेला विचारतो कोण? आमच्या वाड्यावरचा एक ड्रायव्हर रांगेत थांबला की त्याची हनुवटी छातीला टेकायची. मागून हॉर्न वाजला की दचकून गिअर टाकायचा. रात्री त्याच्या घोरण्याने घर जागं. घोरता-घोरता श्वास थांबायचा, मग आचका देऊन सुरू व्हायचा. ॲप्नियाची याहून स्पष्ट खूण कुठली? पण गावाने त्याला बेवडा ठरवलं, डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं. दारूला शिवत नसे तो. त्याला श्वासाचं यंत्र हवं होतं. गोळीचा विचार त्यानंतरचा. 10 सप्टेंबर 2012 ला सरकारने खाणी थांबवल्या. त्यानंतर ट्रकांच्या कर्जाच्या हप्त्यांवर सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्या माणसांच्या झोपेचं काय झालं, हे एकाही व्यासपीठावरून ऐकलं नाही. मला त्याचा राग आजही आहे.

युरोपच्या औषध नियामकाने या गोळीबाबत 2010 मध्येच हात आखडला: अंगावरचे गंभीर चट्टे आणि मनावरचे परिणाम पाहून ॲप्निया, रात्रपाळी दोन्ही वगळली, उरली फक्त नार्कोलेप्सी. इथे पट्टी हातोहात फिरते. रात्रपाळीला मुलीही जातात. ही गोळी गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करते, आणि बंद केल्यावरही महिनाभर दुसरी खबरदारी घ्यावी लागते, हे त्यांना कोण सांगणार? पट्टी देणारा मित्र?