मूठ, चार बोटं, एक बोट

आमच्या मोहोपाड्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. तरीही आषाढात पोरांना घेऊन माणिकगडाकडे निघालो की माझ्या डोक्यात मनालीचा बर्फ असतो. तिथल्या गिर्यारोहणाच्या कोर्सला उस्तादांनी आमच्याकडून छातीइतका खड्डा खणून घेतला आणि त्याची भिंत चाचपायला लावली. मूठ सहज आत गेली तर थर भुसभुशीत. नाही तर चार बोटं, मग एक बोट, पेन्सिल आणि शेवटी चाकू. घट्ट थराखाली साखरेसारखे सुटे कण लागले की उतार बदलायचा, कारण वरचा थर लादीसारखा अख्खाच्या अख्खा सुटतो. असं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं.

आपल्याकडे खड्डा खणायची गरज नाही. वाशिवलीच्या पुढे ओढ्याने कापलेल्या काठावर सगळे थर उघडेच दिसतात: वर मुळांनी धरलेली माती, मध्ये मुरूम, खाली कातळ. मी अजूनही सवयीने मूठ लावून बघतो. पोरं हसतात. परवा मात्र चार बोटं पेरापर्यंत आत गेली आणि बाहेर काढल्यावर त्या भोकातून पाण्याची बारीक धार लागली. पाणी मातीतून झिरपत कातळापाशी येऊन अडतं, तिथे साचतं आणि वरच्या मातीची पकड सोडवतं. बर्फात जे काम साखरेचा थर करतो, ते इथे पाणी करतं.

उतार मोजायला दोन सारख्या काठ्या पुरतात. एक उभी रोवायची, दुसरी तिच्या टोकापासून चढाच्या बाजूला आडवी धरायची. आडवीचं टोक बरोबर जमिनीला टेकलं तर 45 अंश. त्याआधीच जमीन लागली तर उतार त्याहून खडा. पाऊस गच्चीवरच्या सरळ भिंतीच्या डब्यात पट्टीने मोजतो. एका दिवसाच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही, तीन दिवसांची बेरीज बघतो. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला, त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे 499 मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारने सांगितलं होतं. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती.

इर्शाळगडाचा सुळका आमच्याकडून उघडीप असली की दिसतो. त्या आठवड्यात तो ढगातच होता. वर यंत्र जाईना, म्हणून माणसं चिखलातून चढून गेली आणि कुदळी-फावड्यांनी उकरत राहिली. 23 जुलैला शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते, 57 जणांचा पत्ता नव्हता. बर्फात गाडलेला माणूस पाव तासात बाहेर काढला तर बहुतेकदा वाचतो. म्हणून तिथे प्रत्येकाच्या अंगावर शोधयंत्र आणि पाठीवर फावडं असतं. ओल्या मातीत तेवढीही सवड मिळत नाही. त्यामुळे आमच्या पिशवीत असलं काही नसतं. जे काही करायचं ते निघण्याआधी आणि चालता चालता.

चालताना म्हणजे काय? घळ ओलांडायची ती एकेकाने. बाकीचे अलीकडे उभे राहून वर बघणार, मोबाइलमध्ये नाही. घळीच्या तोंडाशी डबा उघडायचा नाही, मग सावली कितीही चांगली असो. पाण्यात उतरताना पाठपिशवीचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे. ओढ्याचा रंग बघत राहायचा. पाऊस तोच असताना पाणी एकदम लाल झालं, तर वर कुठेतरी माती सुटली आहे. पाऊस चालू असून पाणी एकदम आटलं तर त्याहून वाईट. वर कुठेतरी ते तुंबलेलं असू शकतं. अशा वेळी ओढ्याच्या पात्रातून खाली पळायचं नाही, बाजूच्या सोंडेवर चढायचं. हे पोरांना सांगून पटत नाही, कारण घाबरलेल्या माणसाचे पाय उताराकडेच वळतात.

परवा ती धार बघून मी परत फिरायला सांगितलं. गड ढगाआड होता, पण पाऊस थांबला होता. एक पोरगा म्हणाला, ‘‘सर, आता तर उघडलंय!’’ मी त्याला काठावर नेऊन स्वतःची बोटं घालायला लावली. त्याने दुसऱ्या पेरापर्यंत घातली, काढली, धार बघितली आणि काही न बोलता बुटांच्या नाड्या आवळल्या. दांड फाट्यावर वडापाव खाईपर्यंत बाकीचे माझ्यावर नाराज होते. घरी येऊन डब्यातलं पाणी मोजलं: 62 मिलिमीटर. वहीत लिहिलं, डबा रिकामा करून परत कठड्यावर ठेवला.