उसात साखर कशाने भरते?

साखर कारखान्यात तयार होते, असे पुष्कळांना वाटते. पण ती तयार होते उसाच्या पानात, उन्हाच्या बळावर. कारखाना ती रसातून फक्त वेगळी काढतो. शेतात जे कमी पडले, ते कारखान्यात भरून निघत नाही.

१०० किलो उसातून ११ किलो साखर निघाली, तर उतारा ११ टक्के पडला म्हणतात. आता कोणी विचारील, "आम्हाला पैसे मिळतात वजनावर. मग उताऱ्याची काळजी कशाला?" पण टनाचा भाव ठरताना उतारा बघतात, नि तोही साऱ्या कारखान्याचा मिळून. म्हणजे एकाचा ऊस हलका आला, तर शेजाऱ्याच्याही पदरात कमी पडते. पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. तिथे ऊस घालणाराने हे ध्यानात ठेवावे.

कोवळा ऊस आपली साखर वाढीसाठीच खर्च करतो. पुढे थंडी पडते, वाढ थांबते, नि मग कांड्यांत साखर साठते. अशा वेळी युरिया टाकला तर काय होते? ऊस हिरवागार दिसतो, पण वाढतच राहतो. तो लोळतो, कोंब फुटतात, साखर घटते. रसात नको ती द्रव्ये वाढतात. ती साखरेचा दाणा बांधू देत नाहीत. मग बरीच साखर मळीतून निघून जाते. म्हणून मोठ्या बांधणीनंतर युरिया देऊ नये. पालाश मात्र बेताने जरूर द्यावे. तोडीआधी पंधरा दिवस पाणी तोडावे.

थंड मुलखात बीट नावाच्या कंदापासून साखर काढतात. तिथेही हाच अनुभव आहे. नत्र जास्त झाले की कंद फुगतो, नि साखर घटते.

ऊस पुरत्या वयाचा झाल्यावरच तोडावा. सुरू ऊस सुमारे १२ महिन्यांनी तयार होतो, आडसाली १६ ते १८ महिन्यांनी.

आता तोडीचे बघा. आपल्या भागातली कितीतरी माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात. उसाच्या बुडख्यात साखर जास्त असते, शेंड्यात कमी. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा. बुडखा रानात राहिला, तर मालकाची साखर जाते नि तोडणाराचे वजनही जाते. मोळीत वाढे आणि पाचट ठेवू नये. वाढे जनावरांना घालावे.

तोडलेला ऊस उन्हात पडला, की आतली साखर मोडू लागते. तिचा मग दाणा बनत नाही. वजनही घटते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा.

खत बेताचे, पाणी वेळेवर बंद, तोड जमिनीलगत आणि वाहतूक लगोलग. एवढे पाळले, तर वर्षाच्या कष्टाचा गोडवा मळीत जाणार नाही.