ट्यूब तरंगते, माणसाचे काय?

ट्रकच्या ट्यूबला दोन जन्म असतात. पहिला जन्म रस्त्यावर जातो. ठिगळांची संख्या चार-पाचच्या पुढे गेली, की पंक्चरवाला तिला दुकानातल्या खिळ्यावर टांगतो आणि तिथून तिचा दुसरा जन्म सुरू होतो. कधी ती विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या काखेत जाते, तर कधी धरणाच्या पाण्यावर मासेमाराची बैठक होते. पूर्वी हेच काम वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करीत असे. भोपळे गेले आणि त्यांची जागा रबराने घेतली, एवढाच काय तो फरक.

ऐंशीच्या दशकात मी उजनीच्या फुगवट्याकाठच्या एका बँक शाखेत कर्ज अधिकारी होतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या जलाशयाला यशवंतसागर असे नाव असले, तरी लोक त्याला उजनीच म्हणतात. शेते पाण्याखाली गेली आणि पाण्यावर कटला, रोहू, मरळ, वाम अशी नवी पिके आली. पुढे चिलापीही आली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली आम्ही भोई समाजातल्या कुटुंबांना नाव आणि जाळे घेण्यासाठी कर्ज देत असू. छापील अर्जात नावेचा रकाना होता. नायलॉनचा दोरा आणि शिशाच्या गोळ्यांची किंमतही अंदाजपत्रकात धरलेली असे. ट्यूबचा मात्र कुठेच उल्लेख नसे. दोन-चार दिवसांच्या मजुरीत मिळणाऱ्या वस्तूला कर्ज कोण मागणार? ज्याला नाव परवडत नव्हती, तो ट्यूब घेऊन पाण्यात उतरे. म्हणजे सर्वांत जास्त धोका पत्करणारा माणूस आमच्या कागदांवर नसेच.

हे सगळे आज आठवायचे कारण म्हणजे आमच्या सोसायटीतला एक तरुण. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी, शनिवार-रविवार मोकळे, आणि गळाने मासे धरण्याचा नाद. त्याने नुकतीच घरपोच एक 'फ्लोट ट्यूब' मागवली आणि ती फुगवून मोठ्या कौतुकाने मला दाखवली. अमेरिकेत हिला 'बेली बोट' असेही म्हणतात. तिकडच्या हौशी मंडळींनीही मुळात ट्रकच्या ट्यूबलाच कापडाची खोळ आणि बसायला झोळी शिवली होती. आता ती घोड्याच्या नालेच्या आकारात येते. माणूस मध्ये बसतो, पाय पाण्यात सोडतो आणि पायांत घातलेल्या रबरी फिन्सनी पाणी मारत पाठमोरा पुढे सरकतो. हात गळकाठीसाठी मोकळे राहतात. आपल्याकडचा भोई ट्यूबवर दोरीची विणलेली बैठक किंवा फळी टाकून बसतो आणि दोन्ही हातांत लाकडी थापट्या धरून पाणी मागे ढकलतो. एकाची हौस, दुसऱ्याचे पोट. पाणी मात्र दोघांना एकाच मापाने मोजते.

"काका, ही बुडूच शकत नाही," तो मुलगा म्हणाला. मला पटकन एक म्हातारे भोईबाबा आठवले. जाळ्याच्या कर्जाचा हप्ता भरायला आले, की ते बँकेच्या पायरीवर बसून पान खात आणि अधूनमधून पाण्याच्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले होते, "सायेब, टूब कवाच बुडत न्हाय. बुडतो त्यो मानूस. टूब आपली वाऱ्यासंगं पल्याड काठाला लागती."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. ट्यूब ही पाण्यावरची बैठक आहे. जीव वाचवण्याचे साधन तिच्यापासून वेगळे आणि अंगाला बांधलेले असले पाहिजे. माणूस तिच्यावरून घसरला, तर हलकी झालेली ट्यूब वाऱ्याच्या पहिल्या झुळकीबरोबर निघून जाते आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती गाठता येत नाही. म्हणून पहिला नियम लाइफ जॅकेटचा. खरे तर माणसाचे डोके पाण्यावर राहायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. चांगले जॅकेट त्याहून जास्त देते. मात्र ते अंगात घातलेले हवे, छातीवरचे पट्टे आवळलेले हवेत. ट्यूबला बांधून ठेवलेले जॅकेट ट्यूबबरोबरच जाते.

दुसरा नियम वाऱ्याचा. धरणाचे पाणी सकाळी आरशासारखे असते, म्हणून माणूस फसतो. जलाशय जितका रुंद, तितकी वाऱ्याला लाटा उठवायला जागा जास्त. चैत्र-वैशाखातल्या दुपारी आभाळ तापते आणि संध्याकाळच्या सुमारास वळवाचा वारा काहीही पूर्वसूचना न देता झोडपू लागतो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात उजनीत प्रवासी बोट उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला; एक जण पोहत काठाला लागला. जिथे इंजिनाच्या बोटीची ही गत, तिथे पायांनी पाणी मारत, चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू सरकणाऱ्या ट्यूबने काय करावे?

यावर जाणत्यांची एक साधी युक्ती आहे. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे. दम ताजा असतो तेव्हाच कष्टाची वाट संपवावी, म्हणजे परतताना वारा आपल्याला काठाकडे आणून सोडतो. उलट केले, तर मासे मिळाल्याच्या आनंदात माणूस वाऱ्याबरोबर दूर जातो आणि थकलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजत परत येऊ पाहतो. शिवाय काठापासून, दमल्यावरही पोहून येता येईल इतक्याच अंतरावर राहावे. पाण्यावर बारीक पांढरे फेस दिसू लागले, ढग दाटले किंवा गडगडाट ऐकू आला, की गळाला मासा असो वा नसो, काठ गाठावा. वीज कडाडत असताना उघड्या पाण्यावर हातात लांब काठी धरून बसणारा माणूस तिला आमंत्रणच देत असतो.

आता जागा. लहान तलाव, स्थिर पाणी, उतरता आणि टणक काठ, हाकेच्या अंतरावर माणसे, ही ट्यूबसाठी योग्य जागा. वाहत्या नदीत ट्यूब नेऊच नये. प्रवाहात ती वळवता येत नाही, आणि पुढे झाड किंवा बंधारा आला, तर पाणी माणसाला त्यावर दाबून धरते. धरणाची भिंत, सांडवा, पाणी उचलण्याचे मनोरे आणि पंप यांच्या जवळपास फिरकू नये. धरणाखालच्या पात्रात तर मुळीच नाही; वीजनिर्मितीसाठी किंवा पुरामुळे पाणी सोडले, की घोटाभर पाण्याचे कमरेइतके व्हायला वेळ लागत नाही. भोंगा वाजेपर्यंत वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

मगरींचाही विचार करावा. सांगलीजवळची कृष्णा, महाडची सावित्री, चिपळूणची वाशिष्ठी, इतकेच काय, मुंबईचा पवई तलाव. इथे मगरी आहेत. पाण्यात लोंबणारे पाय घेऊन तिथे बसण्यात कसले शौर्य?

उजनीसारख्या जलाशयात आणखी एक धोका पाण्याखाली लपलेला असतो. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले, की पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि ते पाहायला लोक गर्दी करतात. आपण मंदिर पाहतो; पण त्याच्याबरोबर बुडालेल्या विहिरी, पडक्या भिंती आणि बाभळीचे बुंधे पाण्याची पातळी बदलेल तसे कधी वीतभर, कधी हातभर खाली दडून असतात. बाभळीचा एक काटा रबराला पुरतो. जलपर्णीच्या पट्ट्यातही शिरू नये; तिच्या मुळ्या पायांना आणि फिन्सना अशा विळखा घालतात, की माणूस जागच्या जागी अडकून पडतो. म्हणून अनोळखी पाण्यात उतरण्याआधी स्थानिक मासेमाराला चहा पाजावा आणि पाण्याखाली काय आहे ते विचारावे. एवढी स्वस्त आणि खरी माहिती दुसरीकडे मिळत नाही.

उतरण्यापूर्वी ट्यूब रात्रभर फुगवून ठेवावी आणि सकाळी दाबून पाहावी. साबणाचे पाणी लावले, की बारीक छिद्रही बुडबुडे काढून चुगली करते. उन्हात फुगवलेली ट्यूब गार पाण्यात गेली, की आतली हवा आकसते आणि ती मऊ पडते. तेव्हा थोडी हवा पुन्हा भरावी. उलट पाण्यातून काढून उन्हात टाकलेली ट्यूब तट्ट फुगून फाटू शकते; तेव्हा थोडी हवा सोडावी. जिच्यात हवेचे दोन-तीन स्वतंत्र कप्पे आहेत, ती एकाच कप्प्याच्या ट्यूबपेक्षा केव्हाही भरवशाची. पुढून उघडी असलेली, नालेच्या आकाराची ट्यूब चांगली, कारण अडचणीत माणसाला तिच्यातून चटकन निसटता येते. गोल कड्यात पाय अडकतात.

पोहायला येत असेल तरच पाण्यात जावे, आणि एकट्याने जाऊ नये. सुरुवातीला छातीइतक्या पाण्यात मुद्दाम ट्यूबवरून पडून पाहावे आणि पुन्हा चढण्याचा सराव करावा. काठावर जे दहा वेळा केले असेल, तेच घाबरलेल्या क्षणी एकदा जमते. गळ्यात शिट्टी, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत मोबाइल आणि हाताला येईल असा छोटा चाकू असावा. हा चाकू मासे साफ करायला नाही. पडताना नायलॉनचे जाळे शर्टाच्या गुंडीत किंवा पायाच्या बोटात अडकले, तर तोडायला तो लागतो. ज्यांचे पोट जाळ्यावर आहे, त्यांच्यासाठी तर हा धोका वाऱ्याइतकाच मोठा आहे. कारण ते संध्याकाळी जाळे टाकतात आणि पहाटेच्या अंधारात, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते ओढतात. थंडी मोडायला 'थोडी' घेऊन पाण्यात उतरण्याची पद्धतही जीवघेणी आहे. दारूने ऊब आल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात शरीर लवकर गार पडते आणि तोल जातो तो वेगळाच.

परवानगीचाही एक शब्द. बहुतेक जलाशयांतले मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. हौशी माणसाने आधी विचारून जावे. पाणी सरकारचे असले, तरी त्यातला मासा कुणाच्या तरी चुलीचा असतो.

आणि आता माझ्यातल्या बँकवाल्याला राहवत नाही म्हणून. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मासेमारांसाठी गट अपघात विमा ठेवला गेला. मृत्यू आला तर ५ लाख रुपये, आणि हप्ता मासेमाराने भरायचा नाही. त्याशिवाय १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला बँकेतून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा घेता येतो. पण वारसाचे नाव कोरे राहिलेला अर्ज मी माझ्या नोकरीत कितीदा तरी पाहिला आहे. गेलेल्या माणसाच्या बायकोला तलाठी, पोलीस ठाणे आणि बँक अशा तीन दारांत हेलपाटे घालताना पाहिले, की छापील अर्जातल्या त्या एका रिकाम्या ओळीचे वजन कळते.

आमच्या सोसायटीतल्या मुलाला मी ट्यूब परत कर असे म्हटले नाही. पाण्यावर पहाटे बसण्यात जे सुख आहे, ते कार्यालयात मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. त्याच्या आईला मात्र चार गोष्टी सांगितल्या. तो कोणत्या तलावावर, कोणत्या काठावर जातो आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून घ्यायचे. वेळ टळून अर्धा तास झाला, की आधी त्याला आणि लागलीच सोबत्याला फोन करायचा. दोघेही बोलले नाहीत, तर 'येईल आता' म्हणत न बसता ११२ क्रमांक फिरवायचा. आणि तो घराबाहेर पडताना डबा घेतलास का, हे विचारण्याआधी जॅकेट घेतलेस का, हे विचारायचे. उजनीकाठच्या घरांतूनही हाच प्रश्न रोज विचारला जावा, असे मला फार वाटते. तिथे डबा बांधून देणारे हात पहाटे तीनलाच उठलेले असतात.